पांढरी सहा

दानी दारातून आत आला आणि जयाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"याला कुणी बोलावलं?" जया म्हणाला. आवाज खालीच होता, पण मान ताठ झाली होती.

"आयोजकांनी. तुझ्या शेजारीच खुर्ची आहे त्याची."

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

"आणि मला आत्ता कळतंय."

"काल सांगितलं असतं तर तू पुण्याला आला असतास का?"

तो चमच्याने बिस्किटाचा लगदा काढत बसला. मी त्याला चांगली ओळखत होते. गप्प बसून चमचा फिरवणारा जया ओरडणाऱ्या जयापेक्षा वाईट.

जया म्हणजे जयवंत अमोलिक, आमच्या 'भुईकोट' बँडचा गायक. आडनाव अमोलिक आणि स्वतःची किंमतही तेवढीच लावणारा. मी एस्तेर भिंगारदिवे, कीबोर्डवर. मुकुंद पटवेकर गिटारवर आणि माझा मामेभाऊ दानिएल, म्हणजे दानी, तेव्हा ड्रमवर. चौऱ्याऐंशी साली नगरला चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बँड सुरू केला, तेव्हा आमच्या पास्टरबाबांना वाटलं होतं की आम्ही नाताळच्या गाण्यांची तयारी करतोय. नाताळ आला तोवर आमचा आवाज कंपाउंडच्या बाहेर गेला होता आणि परत आत यायला तयार नव्हता. चार वर्षांनी 'हाक' या गाण्याची कॅसेट निघाली. मग गॅदरिंग असो, गणपती असो, साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो, 'हाक' वाजल्याशिवाय काही सुरू होत नसे. आमच्यासारख्यांना कुणी रिक्षा थांबवून सही मागेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. माझ्या आईला तर शेवटपर्यंत ती चेष्टाच वाटायची.

मी सांगतेय तो दिवस त्यानंतर बऱ्याच वर्षांनीचा, बँडला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा. त्यालाही आता पंधरा वर्षं होऊन गेली. पुण्यात संगीताचा मोठा मेळावा होता. संध्याकाळी मैदानावर आमचा कार्यक्रम आणि सकाळी एका संगीत शाळेच्या छोट्या सभागृहात चर्चा. विषय होता, 'गाजलेले बँड उतरणीला का लागतात?' बोलणार होते जया आणि दानी. या दोघांना अकरा वर्षांनी एका टेबलाशी बसवायची हुशारी ज्या कुणाची होती, त्याला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

जयाला चहापाशी सोडून मी दानीला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"दानी, आज संध्याकाळी शो आहे."

"माहितीये मला. बोर्ड लावलाय केवढा मोठा."

"तसं नाही. तिथं वर बसून काही बोलू नकोस."

"चर्चा हाय ना? मग बोलणारच की."

"पट्टीचं काही बोलू नकोस."

त्याने कान खाजवला. दानीचे कान लहानपणापासून मोठे. शाळेत पोरं त्याला चिडवायची, पण त्या कानांना ऐकू यायचं ते आमच्यातल्या कुणाला ऐकू येत नसे.

"मागच्या वर्षी नगरला वाडिया पार्कात तुमचा शो होता," तो म्हणाला. "मी आत आलो नाय. बाहेर भेळेच्या गाडीपाशी उभा होतो. 'हाक' ऐकली. तीन पट्ट्या खाली आणलीये तुम्ही."

मी व्हरांड्यात मागेपुढे पाहिलं.

"कुणाला बोललास?"

"भेळवाल्याला बोलणार होतो. त्याला इंटरेस्ट नव्हता."

"दानी, मी हात जोडते. त्याला माहीत नाही."

दानीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कुणाला? जयाला? गाणाऱ्यालाच माहीत नाय?"

"नाही."

"लय झालं बाई तुमचं," तो म्हणाला. "हे बघ, आपण होऊन मी काही सांगायचो नाय. पण मला कुणी तोंडावर विचारलं तर मी खोटं बोलणार नाय. तेवढं एकच राहिलंय माझ्याकडं."

एवढं बोलून तो आत गेला.

आता हे पट्टीचं प्रकरण नीट सांगायला हवं. 'हाक' आम्ही बसवलं ते पांढरी सहामध्ये. पेटीवर सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, तो त्या गाण्याचा सा. तिथून सुरुवात केली की धृपदातला 'हाक' हा शब्द इतका वर जायचा की ऐकणाऱ्याच्याच गळ्याला ताण बसावा. पंचविशीतला जया तो सूर हसत लावायचा. चाळिशी जवळ आली तसा तो सूर फाटायला लागला. आमच्या धंद्यात याला साधा उपाय आहे, गाणं एक-दोन पट्ट्या खाली घ्यायचं. मोठमोठे घेतात. पण जयाला ते सांगायचं कुणी?

दानीने सांगितलं. पुण्याहून कार्यक्रम करून परत निघालो होतो. टेम्पोत मागे सामान, पुढे आम्ही. दानी म्हणाला, जया, पट्टी उतरव. जयाने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि म्हणाला, "पट्टी नाही, तूच उतर." वाटेवरचं सुपं गाव आलं होतं. दानी खरंच उतरला, आपला छोटा ड्रम काखेत घेऊन. आम्हाला वाटलं, जया पुढच्या वळणावर गाडी थांबवेल. त्याने थांबवली नाही. बँडला दुसरा ड्रमवाला मिळाला, माझ्या मामेभावाला नगरच्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि विषय संपला.

सूर मात्र फाटतच राहिला. दोन वर्षांनी संगमनेरला जयाचा आवाज भर कार्यक्रमात गेला. त्याने स्पीकरवाल्याचा गळा धरला. दुसऱ्या दिवशी मुकुंद माझ्या घरी आला, चहा झाला तरी उठेना, आणि शेवटी म्हणाला, "एस्तेर, ते बटण दाबशील का?"

कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं होती तिथेच ठेवायची, आवाज मात्र एक पट्टी खालचा येतो. आणखी दाबलं की आणखी खाली. मी एकदा दाबलं. मुकुंदने घरूनच गिटारच्या तारा तेवढ्या सैल करून आणल्या. बँडमधल्या नवीन पोरांना मुकुंद सांगेल तो नियम. काही वर्षांनी आणखी एकदा दाबलं, मग आणखी एकदा. आमच्या पप्पांना बीपी निघालं तेव्हा आईने भाजीतलं मीठ असंच थोडं थोडं कमी केलं होतं. पप्पा शेवटपर्यंत तिच्या हाताच्या चवीचं कौतुक करत राहिले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही.

जयाला सूर पक्का कळायचा, पण पट्टी कुठली ते कळायचं नाही. ज्या सुरात वाजवू त्या सुरात तो चोख मिसळायचा. स्वतः तो कुठलंच वाद्य वाजवत नसे आणि जुनी कॅसेट कधी ऐकत नसे. कुठे लागली तर उठून बाहेर जायचा. त्याची खात्री करून घ्यायची पद्धत वेगळी होती. प्रत्येक कार्यक्रमाला सुरुवातीआधी तो माझ्या डावीकडे येऊन उभा राहायचा, माझ्या हातांकडे बघायचा आणि विचारायचा, "पांढरी सहा ना?" मी बोट दाखवायचे. बोट खरंच पांढरी सहावर असायचं. तो समाधानाने मान हलवून पुढे जायचा.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. बरेचसे आमच्या वयाचे, केस पांढरे आणि टी-शर्ट काळे. सूत्रसंचालन रेडिओवरच्या मृणाल केतकर करत होत्या. स्टेजच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता. शाळेच्या बाईंनी आल्या आल्या अभिमानाने सांगितलं होतं की आठवड्यापूर्वीच त्याचे सूर लावून घेतलेत. मी आणि मुकुंद पहिल्या रांगेत बसलो.

"दानिएलसर, तुमच्यापासून सुरुवात करू," मृणालबाई म्हणाल्या. "मोठे बँड घसरायला लागले हे कशावरून ओळखायचं?"

"सोपं हाय," दानी म्हणाला. "आधी मागं गाणारी मंडळी वाढतात. एकाच्या जागी तीन. मग स्टेजवर धूर वाढतो. मग मागचा पडदा एवढा मोठा होतो की पुढचा माणूस दिसू नये. परदेशातले नाव काढलेले बँडसुद्धा बघा तुम्ही. आणि सगळ्यात शेवटी गायक माइक लोकांकडं धरायला लागतो."

लोक हसले. जया हसला नाही. 'हाक'च्या वरच्या सुराला माइक लोकांकडे धरायची सवय त्याला गेल्या चार-पाच वर्षांत लागली होती.

"लोकांना सोबत गायला आवडतं," जया म्हणाला. "ते प्रेम असतं, दानिएल."

"असेल ना. पण मग वरच्याच ओळीला का देता माइक? खालची ओळ पण द्या की लोकांना."

पुन्हा हशा. मागे बसलेल्या एकाने टाळी वाजवली. मुकुंद माझ्या कानात म्हणाला, "हा आज आपल्याला खाली उतरवणार."

मृणालबाईंना वास आला असावा. "हे 'भुईकोट'ला पण लागू होतं का, सर?"

दानीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायलाही धजले नाही.

"मी मोठ्या बँडचं बोलतोय," तो म्हणाला. "आम्ही आपले नगरचे."

तेवढ्यावर भागलं असतं. पण जयाला सुखाने बसवत नाही. त्याने टेबलावरचा माइक उचलून हातात घेतला.

"एक गोष्ट सांगतो. हा माझा मित्र आमच्यातून का गेला ते सांगतो. यानं मला टेम्पोत सांगितलं, पट्टी उतरव. मी म्हणालो, पट्टी नाही, तूच उतर. आणि सुप्याला उतरवला."

सभागृह खो खो हसलं. ती गोष्ट जया अकरा वर्षं सांगत होता आणि दर वेळी लोक असेच हसायचे. दानी टेबलाकडे बघत कान खाजवत राहिला. त्या दिवशी टेम्पोत मी आणि मुकुंदही हसलो होतो, ते मला आठवलं.

"पट्टी उतरवणं म्हणजे काय, सांगू?" जया आता उभा राहिला होता. "लोक ज्या सुरासाठी आले तो सूर न देता दुसराच गळ्यात मारायचा. ते घरी जातात आणि म्हणतात, काहीतरी कमी होतं बुवा. काय कमी होतं ते त्यांना कळत नाही. मोठमोठ्यांनी हेच केलं. पट्टी उतरवली त्या दिवशी बँडनं दुकान बंद करावं, असं माझं म्हणणं आहे. पंचवीस वर्षं झाली, 'हाक' मी पांढरी सहामध्ये गातो. आज संध्याकाळी कुणी मला एका पट्टीनं जरी खाली आल्याचं दाखवलं ना, तर तिथंच स्टेजवर सांगेन, हा शेवटचा कार्यक्रम."

टाळ्या पडल्या. मुकुंदने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

जया हे नुसतं बोलायला बोलत नव्हता. ज्या माणसाने ड्रमवाल्याला रस्त्यात उतरवला, तो संध्याकाळी बँडही उतरवू शकत होता. आणि बँड गेला की जयाकडे काय उरणार होतं? बायको शीला नोकरी करायची. याने आयुष्यात गाण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. सकाळी उठून वाफ घ्यायची, मध चाटायचा आणि कुठूनतरी फोन येईल म्हणून वाट बघायची.

"आणि संध्याकाळ तरी कशाला?" जया म्हणाला. त्याची नजर कोपऱ्यातल्या पियानोवर गेली होती. "एस्तेर, ये."

मी जागची हलले नाही.

"जया, नको," दानी म्हणाला.

"का? भीती वाटली?"

"मानलं मी."

"काय मानलं?"

"पट्टी तीच हाय. मी वाडिया पार्कला ऐकलंय तुला. तीच हाय."

दानीचे कान लाल झाले होते. त्याच्याकडे राहिलेली ती एकच गोष्ट त्याने पन्नास माणसांसमोर टाकून दिली, आणि तीही ज्याने त्याला उतरवला त्या माणसासाठी. पण जयाला ते कुठून दिसणार? त्याला फक्त जिंकल्याचं दिसलं.

"बघा, हाच म्हणतोय," तो लोकांना म्हणाला. "आता तर ऐकवतोच. एस्तेर, ये गं."

मला उठावं लागलं. पियानोपर्यंत जाताना मी हिशेब करत होते. पियानोवर गाणं खाली घ्यायचं तर बोटांनीच खाली घ्यावं लागणार. पांढरी सहा सोडून काळी तीनवर जायचं. सगळी बोटं नवीन जागी. अवघड होतं, पण लहानपणापासून चर्चमध्ये कुणाच्याही गळ्याप्रमाणे पेटी वाजवलेली मी. दोन कडवी निभावली असती. धोका एकच होता. जया सवयीने माझ्या डावीकडे येऊन हातांकडे बघणार.

आणि तो आलाच.

"लोकांकडे तोंड कर," मी म्हणाले. "मागच्यांना ऐकू यायचं नाही."

"माइक आहे ना हातात."

"तरी."

सुदैवाने त्याने ऐकलं. पाठ फिरवून तो स्टेजच्या कडेला गेला. मी प्रभूचं नाव घेतलं, उजवा अंगठा काळी तीनवर टेकवला आणि बाकीची बोटं कुठे कुठे जातील ते मनात म्हणून घेतलं.

मग जयाने नेहमीसारखी चुटकी वाजवली. "एक, दोन, तीन."

हजार वेळा ऐकलेली ती चुटकी. ती ऐकली की माझे हात मला विचारत नाहीत. सुरुवातीचे सूर वाजलेसुद्धा, आणि मग मी खाली पाहिलं. हात पांढरी सहावर होते. इतकी वर्षं बटणाच्या जोरावर ते तिथून कधी हललेच नव्हते, त्यांना दुसरी जागा ठाऊकच नव्हती. सभागृहात कॅसेटमधली 'हाक' वाजत होती, जशीच्या तशी, सगळी उंची घेऊन. मुकुंदने डोळ्यांवर हात ठेवला.

थांबावं का? थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं. मी वाजवत राहिले.

जयाने सुरुवात केली. पहिली ओळ खालची आहे, ती निघाली. दुसऱ्या ओळीला त्याच्या मानेची शीर वर आली. त्याने एकदा अर्धवट वळून माझ्याकडे पाहिलं, पण मी मान वर केली नाही. तिसरी ओळ त्याने जवळजवळ ओढत नेली. मग तो शब्द आला. त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सूर फेकला. अर्ध्यातच तो फाटला. घशातून नुसती हवा आली.

आणि सवयीने त्याने माइक लोकांकडे धरला.

समोर हजारोंची गर्दी नव्हती. खुर्च्यांवर बसलेली पन्नास माणसं होती आणि त्यांतलं कुणीही गाईना. जयाचा हात तसाच पुढे राहिला. मागून एका टोपीवाल्या गृहस्थांनी बारीक आवाजात सुरुवात केली आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर तेही थांबले. मी हात थांबवले, पण पट्ट्यांवरून उचलले नाहीत.

जया हळूहळू चालत माझ्या डावीकडे आला आणि माझ्या हातांकडे बघू लागला.

"पांढरी सहा," तो म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

मी हात मांडीवर घेतले.

"परवा प्रॅक्टिसला लागला होता ना गं सूर?"

"लागला होता."

"मग आज गेला." हे तो रागाने बोलला असता तर मला सोसलं असतं. तो अगदी साध्या आवाजात बोलला, बस गेली म्हणावं तसं. "मुकुंद, संध्याकाळचं त्यांना कळवून टाक. नाही म्हणून सांग. शेवटचा कार्यक्रमसुद्धा नको."

मृणालबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. दानी दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

आत्तापर्यंत मी खरं दडवत होते ते याच्यासाठी. आणि आता ते दडवलं तर हा माणूस आपला आवाज आज सकाळी मेला असं समजून घरी जाणार होता. संध्याकाळी जो सूर त्याला आरामात लागणार होता, तोही तो पुन्हा कधी लावून बघणार नव्हता.

"जया," मी म्हणाले, "पियानोला बटण नसतं."

"कसलं बटण?"

"कीबोर्डला असतं ते. पट्टी खाली आणायचं," मी म्हणाले. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग मुकुंदकडे. मुकुंद स्वतःच्या चपलांकडे बघत होता. जयाच्या हातातला माइक चालू होता, त्यामुळे त्याचा श्वासही सभागृहात ऐकू येत होता.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन."

"कधीपासून?"

"संगमनेरनंतर. एकदम नाही. हळूहळू."

त्याने हात पुढे केला आणि एका बोटाने पांढरी सहा दाबली. मग तिच्या शेजारची काळी. मग खालची पांढरी. मग काळी तीन. तिथे बोट ठेवून तो सूर विरेपर्यंत थांबला. मी मनाची तयारी केली होती. यापेक्षा कितीतरी कमी कारणासाठी त्याला माइक फेकताना मी पाहिलं होतं.

"दानी," तो मागे न वळता म्हणाला. "टेम्पोत तू किती म्हणाला होतास?"

"सोड ना आता."

"किती म्हणाला होतास?"

"एक," दानी म्हणाला. "एकच म्हणलो होतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. जयाने माइकचं बटण बंद केलं. मग मला कोपराने सरकवून तो माझ्या बाकावर बसला, लोकांकडे पाठ करून. बाकाची लाकडं कुरकुरली.

"मला वाटायचं, पांढरी सहा गातोय म्हणून घसा जळतोय," तो म्हणाला. हे फक्त मला आणि दानीला ऐकू गेलं असेल. "कार्यक्रम झाला की दोन-दोन दिवस घरात बोलायचो नाही. बोलवतच नसे. शीलाला वाटायचं माझा तिच्यावर राग आहे. ती बिचारी माझ्या आवडीचं करून घालायची."

"मग सांगायचंस," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "आम्हाला सांगायचंस एकदा."

"तू सांगितलंस?"

मी बाकावर आणखी सरकून त्याला जागा दिली.

"कुणाला सांगणार होतो?" तो म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्रात पांढरी सहा, पांढरी सहा म्हणून बोंबलत फिरलो. दानीला उतरवला त्यापायी."

दानी उठून पियानोपाशी आला होता. काय बोलावं हे न सुचून त्याने पियानोवरची धूळ बोटाने पुसली.

जयाने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "एस्तेर, चार कर."

"काय?"

"चार पट्ट्या खाली घे. तीनलाही माझा जीव जातो."

मुकुंद खालून म्हणाला, "अरे, मला तारा परत लावाव्या लागतील संध्याकाळी."

"मग लाव की. दुपारभर काय काम आहे तुला?" जया उठला आणि त्याने माइक पुन्हा चालू केला. "मंडळी, मघाशी मी काय काय बोललो ते तुम्ही ऐकलंयत. ते परत घेता येणार नाही, कारण हा दानी इथं साक्षीला आहे. आता गातो ते पांढरी चारमध्ये. कुणाला काही कमी वाटलं तर संध्याकाळी येऊ नका."

कुणी हसलं नाही, उठूनही गेलं नाही. दानीने पियानोच्या लाकडावरच बोटांनी ठेका धरला, अकरा वर्षांपूर्वी सोडला होता तोच. मी एकेक बोट उचलून नवीन जागी ठेवलं. पहिल्याच सुराला चुकले, पुन्हा धरलं. जया नेहमीसारखा माझ्या डावीकडे उभा होता. त्याने दानीकडे बघून मान हलवली आणि माझ्या हातांकडे न पाहता गायला लागला.